डेसिबलचा षड्ज

मराठीत ध्वनीविषयी जे लिहिले जाते त्यात आकडा शिरला, त्यास शतकाहून अधिक काळ लोटला आहे. संगीतावरील पुस्तकांत 'सा = २४०' अशी कोष्टके आली; पुढे लोककलांच्या अभ्यासात ध्वनिमुद्रणाच्या पाठोपाठ हर्ट्झ आले; आणि आता प्रयोगाचे वर्णन करणारा अभ्यासक अमुक प्रवेशात आवाज नव्वद डेसिबलपर्यंत गेला, असे सहज लिहून जातो. आकडा आला म्हणजे विधान शास्त्रीय झाले, असा एक समज या लेखनामागे आहे. तो कितपत खरा आहे हे तपासणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तपासणीसाठी संगीतातील एक जुने उदाहरण घेतले आहे, आणि दुसरे मिठबावच्या किनाऱ्यावर रात्री उभ्या राहणाऱ्या दशावतारी नाटकाचे.

आरंभी शब्दांचा गुंता सोडविला पाहिजे, कारण आकड्यांचा गोंधळ पुष्कळ अंशी तेथूनच सुरू होतो. ध्वनीचे दोन गुण एकमेकांपासून अगदी स्वतंत्र आहेत. दर सेकंदाला हवेची किती कंपने होतात हा एक, आणि त्या कंपनांबरोबर किती ऊर्जा वाहते हा दुसरा. पहिल्यावरून स्वर वरचा की खालचा हे ठरते, दुसऱ्यावरून तो मोठा की लहान हे ठरते. मराठी बोलीत मात्र या दोहोंची सीमा पुसट आहे. 'आवाज चढला' म्हणताना गायक वरच्या सप्तकात गेला असे म्हणावयाचे असते, की नवरा-बायकोचे भांडण शेजारी ऐकू गेले असे, हे संदर्भावाचून कळत नाही. 'वरच्या आवाजात बोलू नकोस' या दटावणीत स्वराच्या पट्टीचा काही संबंध नसतो. व्यवहारात याने काही अडत नाही, कारण माणूस ओरडतो तेव्हा त्याचा स्वरही बहुधा वर जातो. निसर्गानेच ज्या गोष्टी एकत्र बांधल्या त्या भाषेनेही एकत्र ठेवल्या, यात भाषेचा दोष नाही.

दोष उत्पन्न होतो तो परिभाषेत. पदार्थविज्ञानाने ऊर्जेच्या मापाला 'तीव्रता' हा शब्द घेतला. परंतु संगीतात 'तीव्र मध्यम' म्हणजे मोठ्याने लावलेला मध्यम नव्हे, तो शुद्ध मध्यमाच्या वर असलेला स्वर होय. तसाच 'कोमल ऋषभ' हळू आवाजातला नसतो. एकच विशेषण एका शास्त्रात कंपनसंख्या दाखविते आणि दुसऱ्यात ऊर्जा, आणि दोन्ही शास्त्रांचा विषय ध्वनीच! कंपनसंख्येच्या पर्यायांचीही तीच अवस्था. पाठ्यपुस्तके 'वारंवारता' म्हणतात, विश्वकोश 'कंप्रता' म्हणतो. 'वारंवारता' हा शब्द संख्याशास्त्राने आणि शब्दगणना करणाऱ्या भाषाभ्यासकांनीही उचललेला असल्याने, एखाद्या अभंगातील 'विठ्ठल' या शब्दाची वारंवारता आणि तो गाणाऱ्याच्या षड्जाची वारंवारता एकाच परिच्छेदात आल्यास वाचकाने काय करावे? 'आवर्तने' म्हणावे तर तो शब्द तालाने केव्हाच व्यापलेला आहे. म्हणून ध्वनीपुरता 'कंप्रता' हाच शब्द मला सोयीचा वाटतो. तो थोडा कृत्रिम आहे, पण कोणाच्या मालकीचा नाही.

आता संगीतातील उदाहरणाकडे वळू. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाचे स्वर ऐकून, तारेच्या साहाय्याने ते मोजून, बावीस श्रुतींची स्थाने अंकांत बसविण्याचा त्यांनी उद्योग केला. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली पुण्यास निघाले. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील ई. क्लेमेंट्स यांनी तो धागा पुढे नेला, त्यांचे पुस्तक १९१३चे. आणि या मोजमापांवर आधारलेली श्रुतिपेटीही तयार झाली. १९१६ साली बडोद्यास जी संगीत परिषद भरली तीत या पेटीवरून आणि एकूण श्रुतिविचारावरून मोठा वाद झाला. भातखंडे यांचा कल प्रचारातील बारा स्वरांवर आपली पद्धती उभारण्याकडे होता, आणि पुढील शिक्षणक्रमात तीच पद्धती रूढ झाली.

देवलांच्या या उद्योगाची पुढे जी थोडीफार थट्टा झाली ती मला अन्यायाची वाटते. ग्रंथांतील श्रुतींचा वाद ग्रंथांतच मिटविण्याची प्रथा असलेल्या काळात हा मनुष्य जिवंत गळ्याकडे गेला, एवढ्यानेच त्याचे श्रेय मोठे आहे. परंतु त्या परंपरेतून पाठ्यपुस्तकांत जी कोष्टके उतरली त्यांचे वाचन मात्र चुकीचे झाले. षड्ज २४०, शुद्ध ऋषभ २७०, गांधार ३००, मध्यम ३२०, पंचम ३६०, निषाद ४५०, हे आकडे विद्यार्थी तोंडपाठ करतात, आणि षड्जाची कंप्रता २४० *असते* असे उत्तरपत्रिकेत लिहितात. वस्तुतः आपल्या संगीतात षड्जाला कोणतीही ठरीव कंप्रता नाही. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी पांढरी पाचमध्ये. तंबोरा ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे लावला जातो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला एक सामायिक स्वर लागतो, म्हणून तेथे ४४० हर्ट्झचा संकेत आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरला. आपल्याला ती गरज पडली नाही. २४० हा आकडा निवडला तो भागाकार सोपे व्हावेत म्हणून. कोष्टकातील खरा मजकूर आकड्यांत नाही, आकड्यांमधील गुणोत्तरांत आहे: पंचम षड्जाच्या दीडपट, मध्यम एक पूर्णांक एक तृतीयांश पट, गांधार सव्वापट. षड्ज १५० धरला तरी गांधार सव्वापटच राहील.

ही दृष्टी परकी नव्हे. 'संगीतरत्नाकरा'त मंद्र, मध्य आणि तार यांची स्थाने हृदय, कंठ आणि मस्तक अशी सांगून प्रत्येक स्थान आधीच्याच्या दुप्पट असल्याचे म्हटले आहे. सतराव्या शतकातील अहोबलाने स्वरांची जागा तारेच्या लांबीचे भाग पाडून दाखविली. म्हणजे कान वर चढतो तो बेरजेने नव्हे, गुणाकाराने, हे आपल्या शास्त्रकारांना ठाऊक होते. १२० वरून २४० वर जाणे आणि २४० वरून ४८० वर जाणे, यांतील वजाबाकी निरनिराळी असूनही कानाला दोन्ही एकेका सप्तकाचीच मजल वाटते. गुणाकाराच्या या शिडीला समान पायऱ्या पाडण्याचे काम अलेक्झांडर एलिस याने १८८५ साली केले. त्याने सप्तकाचे १२०० 'सेंट' केले. पेटीच्या समान स्वरांतराचा गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो, तर सव्वापटीचा गांधार सुमारे ३८६ वर. षड्ज २४० असेल तर पेटीचा गांधार ३०२.४ आणि तंबोऱ्यातून उमटणारा ३००. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला दोन-अडीच हेलकावे ऐकू येतात, आणि पेटीवर रागावणारे गवई ज्यावर रागावतात ती गोष्ट हीच.

देवलांवर खरा आक्षेप घेण्यासारखा मुद्दा निराळा आहे. गुणोत्तरे त्यांनी दिली, पण ती बिंदूसारखी दिली. जणू गायकाचा गळा अपूर्णांकावर येऊन थांबतो. १९६३ साली जयराजभॉय आणि स्टोन यांनी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणे मोजून दाखविले की गळ्यातील स्वरस्थाने एवढी स्थिर नसतात. दरबारीचा आंदोलित गांधार ही तर एक हालचालच असते. तिला एक आकडा देणे म्हणजे झोपाळ्याचा पत्ता सांगण्यासारखे आहे.

येथवर जे पाहिले त्यावरून डेसिबलचे स्वरूप समजण्यास फार कष्ट पडू नयेत. हर्ट्झ आणि डेसिबल यांची जोडी लावण्याची आपल्याला सवय आहे. ती जोडी मुळात विजोड आहे. हर्ट्झ ही मोजणी होय: सेकंदात कंपने किती, ते मोजा आणि सांगा. डेसिबल ही मोजणी नव्हे. तिची खरी जोड सेंटशी आहे, कारण दोन्ही गुणोत्तरे मोजतात. ऊर्जा दहापट झाली की दहा डेसिबल वाढतात, शंभरपट झाली की वीस, दहा लाखपट झाली की साठ, दुपटीला तीन. म्हणून 'साठ डेसिबल' हे अपुरे वाक्य आहे. कशाच्या मानाने साठ? हवेतील ध्वनीसाठी २० मायक्रोपास्कल हा दाब आधार म्हणून घेतात. निरोगी तरुण कानाला हजार हर्ट्झच्या आसपास जेमतेम ऐकू यावा असा तो दाब आहे. पाण्यात मात्र आधार एक मायक्रोपास्कलचा. त्यामुळे तोच दाब पाण्याच्या हिशेबात २६ डेसिबल अधिक दिसतो; मासळीचा थवा शोधणाऱ्या यंत्राचे आकडे आणि देवळापुढच्या कर्ण्याचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे याच कारणाने निरर्थक होय. गायक जसा आधी षड्ज लावून घेतो, तसा डेसिबललाही षड्ज लागतो. तो न सांगता उच्चारलेला आकडा म्हणजे पट्टी न सांगता 'पंचम लावा' म्हणण्यासारखे आहे.

या एककाचा जन्मही मोठ्या आवाजाच्या धाकातून झालेला नाही. टेलिफोनच्या तारेतून जाताना बोलणे किती क्षीण होते हे अमेरिकेतील बेल कंपनीच्या अभियंत्यांना मोजावयाचे होते. आधी ते 'प्रमाणित तारेचे इतके मैल' असे म्हणत, मग १९२४च्या सुमारास त्यांनी नवे एकक घेतले आणि काही वर्षांतच त्यास अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचे नाव दिले. ऱ्हास मोजण्यासाठी घडविलेले माप आज गोंगाट मोजण्यासाठी प्रसिद्ध आहे, ही मापांच्या इतिहासातील एक गंमतच म्हणावयाची.

हे सारे आता एका प्रयोगावर लावून पाहू. देवगड तालुक्यातील मिठबाव हे गाव समुद्राला लागून आहे. तेथील गजबादेवीचे देऊळ तर लाटांच्या वरच्या टेकडीवर उभे आहे. अशा किनाऱ्यावरील गावात कार्तिकानंतर जत्रांचे दिवस सुरू झाले की देवळापुढे दशावतारी नाटक रात्रभर चालते. नेपथ्य म्हणावे तर एक बाक. संगीताला पायपेटी, मृदंग आणि झांज. आधी आडदशावतारात गणपती, सरस्वती, संकासुर येऊन जातात, मग आख्यान लागते, आणि पहाटे दहीकाल्याने समाप्ती होते. संवाद लिहिलेले नसतात. म्हणजे प्रयोगाची संहिता जी काही आहे ती ध्वनीतच आहे, आणि ध्वनी मोजण्याचा प्रश्न येथे साहित्याच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

समजा, अभ्यासकाने कर्ण्यापासून दहा मीटरवर ८५ डेसिबल नोंदविले. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी सहाने उतरते: वीस मीटरवर ७९, चाळीसवर ७३, ऐंशीवर ६७, एकशेसाठवर ६१. पुढे बसलेली मुले आणि माडाच्या बुंध्याला टेकून उभा असलेला पाहुणा एकच नाटक पाहतात, पण त्यांच्या आकड्यांत अठरा डेसिबलांचे अंतर पडू शकते. म्हणजे नोंदीत अंतर दिले नसेल तर ८५ हा आकडा कोणाचाच नव्हे. शिवाय लाटा फुटतात त्याजवळ समुद्रच स्वतः साठ डेसिबलच्या पुढे सहज बोलत असतो. रात्री मतलई वारा सुटतो, जमीन निवते, खालची हवा वरच्यापेक्षा थंड होते, आणि ध्वनी वर निसटण्याऐवजी जमिनीकडे वळतो. त्यामुळे दिवसा ऐकू न येणारा मृदंग मध्यरात्री पलीकडच्या वाडीत स्पष्ट ऐकू येतो. गावकरी म्हणतात की रात्रीचा आवाज लांब जातो. ते अगदी खरे आहे.

गाऱ्हाण्याचेही उदाहरण घेण्याजोगे आहे. गाऱ्हाणे घालणारा एकटा बोलतो आणि जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. एका माणसाच्या 'व्हय म्हाराजा'ची पातळी एखाद्या जागी ६० डेसिबल भरली, तर तेवढ्याच जोराच्या दहा माणसांची ७० भरेल, शंभरांची ८०. दहा डेसिबलांची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते. म्हणजे शंभर माणसे एकाच्या चौपटच मोठी वाटतात! मग त्या उच्चाराचा जो दबदबा अंगावर येतो तो कोठून? तो पातळीत नाही. अनेक गळ्यांच्या किंचित पुढेमागे पडणाऱ्या, किंचित भिन्न कंप्रतांच्या एकत्र येण्यात तो आहे, आणि मुख्यतः तो वेळ साधण्यात आहे. याचा अर्थ मोजू नये असा नाही. मोजल्यामुळेच तर दबदब्याचे कारण पातळीत शोधू नये हे कळले.

स्त्रीपार्टी नटाच्या बाबतीत कंप्रतेचा आकडा असाच अर्धवट ठरतो. पुरुषाचा बोलण्याचा स्वर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, स्त्रीचा १८० ते २५० च्या. नट आपला स्वर वर नेतो हे खरे. पण केवळ स्वर वर नेल्याने तो आवाज बाईचा होत नाही, किन्नरा मात्र होतो. घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीची लांबी स्वरांना जो रंग देते तो कंप्रतेच्या एका आकड्यात मावत नाही. कसलेला नट ओठ, जीभ आणि शब्दफेक यांनी त्या रंगाची सूचना करतो, आणि बाकीचे काम प्रेक्षकांची संमती करते. बालगंधर्वांविषयी जे पुष्कळ लिहिले गेले त्यात गोडव्याची वर्णने विपुल आहेत, पण या प्रश्नाकडे कोणी वळलेले फारसे दिसत नाही.

मृदंग आणि झांज यांच्या मोजणीत तर माप आपला पक्षपात उघड करते. ध्वनिमापकात 'ए' नावाची एक गाळणी असते. हळू आवाजांच्या बाबतीत खालच्या कंप्रता कानाला कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या आलेखांवरून दिसले. त्याला अनुसरून ही गाळणी १०० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे १९ डेसिबल वजा करते आणि तीन-चार हजार हर्ट्झच्या ध्वनीत उलट एकाची भर घालते. मृदंगाचा डाव्या पुडीवरचा घुमारा अशा रीतीने ऊर्जेच्या हिशेबात सुमारे ऐंशीपट उणा होऊन आकड्यात येतो. झांज मात्र पुरेपूर येते. राक्षसाच्या प्रवेशाला जो मृदंग छातीत वाजतो तो मापकाच्या काट्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. आणि हा मृदंग तर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना विचारात पाडणारे वाद्य! पुडीवरच्या शाईमुळे चामड्याच्या ध्वनीत तारेसारखे सुसंवादी उपस्वर येतात, हे त्यांनी १९२० सालीच दाखविले होते. १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटरांच्या आसपास लांब असते. ती माडांना वळसा घालून जाते. झांजेची लहर दहा सेंटिमीटरांची, ती घराच्या भिंतीशी अडते आणि हवेतही लौकर विरते. तेव्हा दूरच्या वाडीत पोहोचतो तो मृदंग, आणि देवळापुढे आकडा वाढविते ती झांज.

ही चर्चा केवळ प्रबंधांपुरती राहिलेली नाही, कारण हाच आकडा आता कायद्यातही आहे. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली. रात्र म्हणजे दहा ते सहा. ध्वनिक्षेपकाला रात्री उघड्यावर बंदी, आणि वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य शासनाला ती बारापर्यंत शिथिल करता येते. दशावतार रंगात येतो तो बारानंतर. या नियमांची आवश्यकता मी नाकारीत नाही. शहरांत ज्यांच्या उशाशी रात्रभर कर्णे वाजतात त्यांना विचारावे. कर्णा न लावता नाटक करावे, पूर्वी तसेच होत होते, असे उत्तरही कोणी देईल, आणि ते उत्तर अगदीच चुकीचे नाही. पण नियमाची भाषा वाचणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यातील ४५ हा आकडा 'ए' गाळणीतून आलेला आहे, आणि तो काळावर पसरलेली सरासरी आहे. ही सरासरी ऊर्जेची असते. तासभर ४५ डेसिबलची शांतता असून त्यात एकच मिनिट ८५ डेसिबलचे झाले, तर त्या तासाची सरासरी ६७ भरते. तासभर अखंड ६७ डेसिबलने गुरगुरणाऱ्या यंत्राचीही तीच. संकासुराच्या आरोळीनंतर पायपेटी थांबते, लोक श्वास धरून बसतात आणि पलीकडचा समुद्र ऐकू येऊ लागतो. ते थांबणे प्रयोगाचा भाग आहे. सरासरीत त्याला जागा नाही, आणि ज्या अभ्यासकाने आपल्या वहीत सरासरीच उतरवून घेतली असेल त्याच्या वहीतही ते सापडणार नाही.